पोरांच्या शेजारी बसणारी

कारभारीण गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं ओसरीवर शाळेसाठी लसूण सोलत बसलो होतो. मी सोललेल्या पाकळीचा निम्मा लसूण सालीबरोबरच जायचा. ती म्हणाली, "आवं, बायकू सांभाळली एवढी वर्सं, पर लसूण काय सोलता आला न्हाई तुमाला." मी म्हटलं, "बायकू कुठं सांभाळली? तिनंच मला हाकलंय." तोंड फिरवून हसली.

कडेगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत ती खिचडी शिजवायची. गावाला ती खिचडीमावशी. मी चौथीत शाळा सोडली, तिनं दुसरीत. पण मला शाळा कधी आठवली नाही आणि तिची कधी सुटली नाही. आवाज असा, की पलीकडच्या उसात पाणी पाजणाऱ्या गड्याला कळायचं, आज पोरांना खिचडी आहे का उसळ.

पोरांची भांडणं ती गुरुजींकडं न्यायची नाही. चिडवणारा आणि चिडणारा, दोघांना समोरासमोर बसवायची आणि मधे लसणाची पाटी. पाटी संपल्याशिवाय उठायचं नाही. एका जाड पोराला सारा वर्ग भोपळा म्हणायचा. तो आणि त्याला पहिल्यांदा भोपळा म्हणणारा, दोघं असेच बसले. पाटी निम्मी झाली. मग भोपळ्यानं लसणाचा हात डोळ्याला लावला आणि बोंबलला, तर दुसराच पाणी आणायला पळाला. "भांडायला हात मोकळं लागत्यात," ती म्हणायची. शाळेत लसूण कमी पडला नाही तो यामुळं. भांडणंच तेवढी होती.

सहावीत प्रणाली होती, ट्रॅक्टर चालवणाऱ्या सुरेशची पोरगी. तिला फिट यायची. शाळेत पहिल्यांदा पडली तेव्हा कारभारणीनंच पायातली चप्पल काढून तिच्या नाकाला लावली. आमच्याकडं सगळे तेच करतात. मग दवाखान्यातल्या नर्सबाईंनी समजावलं, चप्पल-कांदा काही नको, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, शुद्धीवर येईस्तोवर जवळ थांबा, लांबली तर गाडी बोलवा. घरी येऊन म्हणाली, "माज्या चपलेचा वास घिऊन तर शुद्धीतला माणूसबी पडंल." स्वतःवरच लय हसली.

पोरं मात्र ऐकेनात. फिट उष्ट्यानं लागते म्हणून पंगतीत प्रणालीच्या दोन्ही बाजूला जागा सोडायची. पोरगी मान खाली घालून चिवडत बसायची. एक दिवस कारभारीण हातातल्या डावासकट तिच्या शेजारी फतकल मारून बसली आणि सगळ्यांदेखत तिच्याच ताटातला घास खाल्ला. रोज खायची. काही दिवसांनी पंगतीला म्हणाली, "बघा रं, पडले का मी? गोळ्या डाक्टर देतोय. शेजारी बसायला काय कलेक्टर येणार हाय?" मग एक पोरगी सरकली, पुढं दुसरी. प्रणाली मान वर करून जेवायला लागली. मी म्हटलं, "रोज पोरीचं खातीस, ती उपाशी राहंल." तर म्हणते, "तिला दोन डाव जास्त वाढते. एवढं कळतंय मला."

सुरेश तर पोरीला घरीच ठेवणार होता. शाळेत डोकं कुठं आपटलं तर, ही त्याची धास्ती, आणि बापाची धास्ती काही खोटी नव्हती. कारभारीण त्याच्या दारात जाऊन बसली. "मी हाय तवर पाठीव," एवढंच म्हणाली. त्या एका शब्दावर पोरगी शाळेत येत होती.

लसूण सोलला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळता गाळता ती खाली बसली. कराडला नेईपर्यंत संपलं होतं. जन्मभर बोलत राहिलेली बाई, जाताना एक शब्द बोलली नाही. मला त्याचा अजून राग आहे.

मातीला सुरेश आला होता. जवळ येऊन हळू म्हणाला, "आबा, मावशी हुत्या म्हणून धाडत हुतो. आता पोरगी घरीच."

ती जागा बोलायची नव्हती.

मातीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ केली, टोपी घातली आणि भेटायला आलेली माणसं ओसरीवर बसलेली तशीच सोडून सुरेशच्या घराकडं गेलो. सुतकात लोकाच्या दारात जायचं नसतं. रस्त्यावरच उभा राहून हाक मारली. त्याची आई बाहेर आली.

"आवं आबा, सुतक हाय तुमाला. कुठं फिरताय?"

"दारात येत न्हाई. पोरीला धाडा, शाळंची येळ झाली."

मागनं सुरेश आला. "आबा, ती पडली तर तुमाला काय येतंय?"

"कुशीवर वळवता येतंय. गाडी बोलवता येती. आन् बाकीच्या वेळी नुसतं बसता येतंय. माज्याकडं आता दुसरं काम काय हाय?"

तो उंबऱ्यातच उभा राहिला. मीही हललो नाही. मग तो आत वळून म्हणाला, "प्रणाली, दप्तर घे."

पोरगी आली. सुतकात शिवू नये म्हणून मी दोन्ही हात पाठीमागं बांधले. तिनं माझ्या सदऱ्याचं टोक धरलं आणि आम्ही शाळेकडं निघालो.