सागरेश्वरच्या कुंडात

विश्रामबागेतल्या डॉक्टरांनी माझ्या नातीच्या कोपरावरचा पांढरा डाग पाहिला आणि म्हणाले, "कोड आहे. शिवल्याने होत नाही, घाबरू नका." मी मान हलवली, पण मनाने केव्हाच सागरेश्वरच्या कुंडाशी पोहोचले होते.

लग्नानंतरचा तो माझा पहिला श्रावण. थोरल्या जाऊबाई, आमच्या आक्का, मला देवाला घेऊन गेल्या होत्या. त्यांच्या दोन्ही हातांवर कोड होतं आणि कुंडातल्या झऱ्याच्या पाण्याने ते जातं, अशी त्यांची श्रद्धा होती. मी आधी उतरले. पाणी गार आणि इतकं नितळ, की तळाचे खडे दिसत होते. ओल्या बेलपानांचा वास येत होता.

"थांब गं, मी बी येते. पायऱ्या लय निसरड्या हायत," म्हणत आक्कांनी आधारासाठी हात पुढे केला.

मी तो धरला नाही. "थंडी वाजतीया," म्हणून घाईने वर आले.

आक्कांनी हात मागे घेतला. म्हणाल्या, "लुगडं बदल जा. सर्दी व्हईल."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी भाकरी थापणं सोडलं. गोठा, शेत सगळं करायच्या, पण पिठात हात घालायच्या नाहीत. थोरलेपणा मिरवतात, असं मी वीस वर्षं माहेरी सांगत राहिले.

त्यांच्या दहाव्याला त्यांची लेक सहज बोलून गेली, "आई म्हनायची, तुझ्या काकूला माझ्या हातचं जात न्हाई. नवी पोरगी उपाशी राहील."