आबा, हेडमास्तर आणि शिफारसपत्र

मॅट्रिक पास झाल्याचा आनंद आमच्या घरात जेमतेम चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी पुण्याच्या कॉलेजातून वसतिगृहाचा फॉर्म आला. तिथं गरीब मुलांसाठी फुकट जागा होत्या, पण त्यासाठी शाळेच्या हेडमास्तरांचं किंवा सुपरवायझरांचं शिफारसपत्र हवं होतं. जागा मिळाली तर कॉलेज, नाहीतर पारोळ्याच्या जिनिंग फॅक्टरीत कापसाच्या गाठींवर नंबर घालत बसायचं, हे आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्पष्ट सांगून टाकलं होतं.

धुळ्याच्या आमच्या हायस्कुलात सुपरवायझर म्हणजे छडी. मी त्या छडीचं नेहमीचं गिऱ्हाईक, तेव्हा त्यांचं नाव काढायची सोयच नव्हती. हेडमास्तर मात्र कोकणातले, मृदू बोलणारे, आणि पदानंही मोठे. आबा म्हणाले, "सही लेवानी ते मोठा सायबनीच."

आता आमच्याकडची रीत अशी, की कुणाकडे काम घेऊन गेलं तरी आपण होऊन विषय काढायचा नाही. बसायचं, पाणी प्यायचं, पिकापाण्याचं बोलायचं. मग यजमान विचारतो, "काय काम काढलं?" तेव्हा जरा संकोचत सांगायचं. हेडमास्तरांच्या गावी ही रीत नव्हती. दारी आलेल्याला 'का आलात' असं विचारणं त्यांच्या लेखी असभ्यपणाचं होतं.

पहिल्यांदा आम्ही सर्व्हिस मोटारीनं कैऱ्यांची टोपली घेऊन धुळ्याला त्यांच्या घरी गेलो. चहा झाला, कपाशीवर बोलणं झालं. हेडमास्तर प्रसन्न हसत राहिले आणि आबा प्रश्नाची वाट बघत राहिले. तासाभरानं आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो.

"आबा, सांगितलं का नाही?" मी रस्त्यातच विचारलं.

"त्यास्नी इचारंच नही, मंग मी कसं सांगू? कोना घर जाईसन लगेच कोनी मांगस का?"

दुसऱ्या खेपेला उडदाचे पापड गेले, तिसऱ्या खेपेला बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. मी मध्ये तोंड घालायला बघितलं की आबांचे डोळे वटारलेले. तिसऱ्या भेटीत हेडमास्तर गहिवरून आले. "आबा, मुलगा शाळेतून गेला तरी तुम्ही येता. काही मागत नाही, काही सांगत नाही. अशी निरपेक्ष माणसं हल्ली दिसत नाहीत." आबांची छाती फुगली. एवढं ऐकल्यावर आता कोणत्या तोंडानं मागणार?

मुदतीला तीन दिवस उरले होते. आबांना न सांगता मी एकटाच धुळ्याला गेलो आणि सुपरवायझरांच्या घराची कडी वाजवली. दार उघडलं, आणि शाळेत कधी शुद्ध मराठीखेरीज शब्द न काढणारा तो माणूस म्हणाला, "ये रे भाऊ. काय काम काढं?"

तो प्रश्न ऐकून मला इतकं बरं वाटलं की उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. कैऱ्या, पापड, बिबड्यांसकट. ते पोट धरून हसले. मग चष्मा लावून टेबलाशी बसले, इंग्रजीत भराभर लिहिलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "वाच. पटलं तर ने."

मजकूर चार-पाचच ओळींचा होता. 'या मुलाला मी नऊ वेळा छडी मारली. आठ वेळा ती योग्य होती. नवव्या वेळी प्रयोगशाळेतली बरणी दुसऱ्यानं फोडली होती. यानं मार खाल्ला, पण नाव सांगितलं नाही. याला अवश्य जागा द्यावी.'

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "सर, तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच आठवड्यात." ते टाक पुसत राहिले. "मास्तरनं पोराची माफी मागायची नसते, असं मला वाटायचं."

त्या माफीला दोन वर्षं लागली होती, आणि ती आली तीही पुण्याच्या प्राचार्यांच्या नावानं. दुसऱ्या दिवशी पत्र पोस्टात टाकताना माझा हात पेटीच्या तोंडाशी बराच वेळ अडला. जागा मिळाली, कॉलेज झालं, नोकरी झाली. तो कागद मात्र तिकडेच राहिला, आणि तो आपल्याजवळ असायला हवा होता असं मला अजून वाटतं.