तिसऱ्या पानावरच्या दोन ओळी

झेरॉक्सच्या दुकानात माझ्यापुढे एक बाई होत्या. दुकानातले काका त्यांचा नोकरीसाठीचा बायोडेटा टाइप करत होते आणि मी मागून तो खुशाल वाचत होते. वडिलांचं नाव, मूळ गाव, यजमानांचा हुद्दा, आवडीनिवडी. तिसऱ्या पानाच्या तळाशी दोन ओळी होत्या. प्रसूतिगृहात परिचारिका, अनुभव अकरा वर्षं.

"काका, या ओळी सगळ्यात वर घ्या. बाकीचं काढा," बाई म्हणाल्या.

"एकच पान होईल, ताई. तीन पानं असली की बरं दिसतं."

"वाचणाऱ्याला एवढा वेळ नसतो. काढा."

आपल्याकडे ओळख सांगायची तर कुणाची लेक, कुणाची सून, कुठल्या गावची, इथून सुरुवात होते. लग्न जमवताना ते ठीक आहे. पण आपण स्वतःपर्यंत पोहोचेतो ऐकणाऱ्याचं लक्ष उडालेलं असतं. मग घरी येऊन वाटत राहतं, आपल्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतंच.

बाई आपलं एक पान घडी न घालता जपून घेऊन गेल्या.

"तुमच्या दहा प्रती ना?" काकांनी हात पुढे केला. मी बारा वर्षांनी पुन्हा नोकरी शोधायला निघाले होते आणि माझा बायोडेटा चांगला चार पानांचा होता.

"थांबा काका, आधी पेन द्या."

पहिली रेघ मी सासऱ्यांच्या मुख्याध्यापकपदावर मारली.