सुभेदारांचा चाकांवरचा खांब

सुभेदार शर्टाच्या खिशात पेनाऐवजी पाणसळ ठेवत. कडेगावच्या हॉटेलात चहा आला की आधी ती टेबलावर ठेवून काचेतला बुडबुडा मध्ये येतो का ते पाहत, गरज पडली तर टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सारत आणि मगच कप उचलत. चहा थंड होतोय, असं हॉटेलवाला म्हणायचा. ते म्हणत, "हू दे. वाकडा नगं."

सैन्याच्या वर्कशॉपमध्ये चोवीस वर्षं गाड्या दुरुस्त करून ते गावी परतले, तेव्हा सामानात एक लांब नळीची दुर्बीण होती. ती बसवायला त्यांनी अंगणात सिमेंटचा खांब उभारला. जागा मोजूनमापून निवडली. फक्त लगतच्या रानात धाकट्या भावाने नुकतीच उसाची लावण केली होती, हे त्या मापात धरलं नव्हतं. वर्षभरात ऊस डोक्यावर गेला आणि दक्षिणेचं आभाळ बंद झालं. भाऊ म्हणाला, "दादा, आता तोड येईपतोर थांबा."

सुभेदार थांबले नाहीत. बोअरचा जाड पाइप, खाली लोखंडी तिपाई, तिच्या तिन्ही पायांना जुन्या स्कूटरची चाकं, असा दुसरा खांब त्यांनी केला. थरथर मुरावी म्हणून पाइपात येरळा नदीची चाळलेली वाळू भरली. तरीही रस्त्याने उसाचा ट्रॅक्टर गेला की दुर्बिणीतला चंद्र हले. मी बातमीसाठी गेलो, तेव्हा ते चाकांशेजारी तीन मोठे स्क्रू बसवत होते. स्क्रू फिरवले की चाकं जमिनीपासून उचलली जात. "चाकं चालायला," ते म्हणाले. "हुबं ऱ्हायाला पायच लागत्यात."

त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, अर्धांगाच्या झटक्यापासून चाकांच्या खुर्चीत होत्या. साडेसाती लागली, असं भावकी म्हणे. धाकट्या जाऊबाईंनी तर शनीच्या नजरेला नजर देऊ नका, असं बजावलं होतं. काकूंनी नवऱ्याला एवढंच सांगितलं, "आवं, ज्यानं मला बसवली म्हणत्यात, त्याला एकदा बघू द्या."

खांब ढकलत ओट्यापर्यंत आणला, पण काकूंचा डोळा दुर्बिणीला पोचेना. उंची सुभेदारांच्या मापाची होती. खुर्चीखाली विटा रचाव्यात, असं मी सुचवलं.

"तिला कशाला उचलायची? चूक खांबाची हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाळू उपसली, पाइप सव्वा फूट कापला आणि वाळू पुन्हा भरली. त्यानंतर धडधाकट माणसाला दुर्बिणीतून पाहायचं तर गुडघे टेकावे लागत. सुभेदारांनाही.

दिवेलागणीनंतर काकूंनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. जाऊबाई दाराआड उभ्या होत्या. मग काकू म्हणाल्या, "लय बारका हाय वो. कडं घालून गप बसलाय. ह्यो कशाला माझ्या वाटंला जातोय?"

सुभेदार गेल्या हिवाळ्यात गेले. परवा त्या घरी गेलो, तेव्हा दुर्बीण ओट्यासमोर होती आणि जाऊबाई मातीत गुडघे टेकून तिला डोळा लावत होत्या. नळी त्यांनी हाताने घट्ट धरून ठेवली होती. काकू खुर्चीतून सांगत होत्या, "हात काढ गं. नुस्तं बघ. त्यो काय करत न्हाई."