आम्ही जन्माला घातलेला मिर्झो

माझा भाऊ मिहरान तोनोयान चोर नव्हता. हे आधी सांगते, मग बाकीचं. आमच्या ग्युम्री शहरात आज कुणालाही विचारा, म्हणतील, "अनुवादक बरा होता बिचारा, शेवटी डोकं फिरलं." डोकं तुमचं फिरलंय मेल्यांनो! त्याचं शेवटच्या दिवसापर्यंत शाबूत होतं.

आमच्या वडिलांना सदतीस साली सरकारच्या माणसांनी घरातून नेलं. मिहरान सहा वर्षांचा, मी पाळण्यात. नेलं ते नेलंच, ना पत्र, ना प्रेत. आई रोज संध्याकाळी त्यांच्या जागेवर एक लवाश, म्हणजे आमची पातळ रोटी, फडक्याखाली झाकून ठेवायची आणि दाराची कडी काढायची. अशी बत्तीस वर्षं काढली तिनं. सकाळी तोच कडक झालेला लवाश आम्ही चहात बुडवून खायचो. ती गेल्यावर मिहराननं कविता लिहिली, 'लवाश झाकून ठेवलाय, दार मात्र उघडंच आहे' अशी सुरू होणारी. त्यानं वाचून दाखवली आणि मी रडत बसले, तिकडे चुलीवर दलिया करपून गेला.

येरेवानच्या एका प्रकाशनात बाबगेन नावाचा संपादक होता. मिहरान त्याच्यासाठी अनुवाद करायचा, तेही मूळ भाषा येत नसताना! उझबेक, किरगीझ, कुणाकुणाच्या कविता रशियनमध्ये शब्दाला शब्द मांडून यायच्या, त्याला आम्ही कच्चा खर्डा म्हणायचो. त्यावरून हा आर्मेनियन कविता रचायचा. तेव्हा कितीतरी कवींचं पोट असल्या कामावरच चालायचं. आईची कविता बाबगेननं परत केली.

"मिहरान जान, बापाला कुणी नेलं, कुठं नेलं, असं मला विचारतील ना वरचे! फाड ही. त्यापेक्षा आपल्या बंधू-प्रजासत्ताकांतल्या, डोंगरातल्या एखाद्या कवीचं काहीतरी आण. संग्रहात तिथली जागा रिकामी आहे बघ."

मिहरान घरी आला तो हसतच. ग्युम्रीचा माणूस, अडला की हसणारच. म्हणाला, "वार्सो, जागा रिकामी आहे म्हणे. भरू या की!"

असा पामीरच्या डोंगरातला मेंढपाळ कवी मिर्झो जन्माला आला. पण फायलीत खर्डा लागतो. म्हणून मिहराननं स्वतःच्याच कवितेचं मोडकंतोडकं रशियन केलं, लवाशची तिकडची रोटी केली. मी कापडगिरणीच्या कचेरीत टाइपिस्ट. सगळं मीच टाइप केलं. वर शहाणपण शिकवलं, "तारीख महिनाभर आधीची घालू, म्हणजे खरं वाटेल." काय माझी अक्कल! तेव्हा जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

कविता छापून आली आणि लोकांनी डोक्यावर घेतली. परक्या रोटीचा लवाश केला, याला म्हणतात अनुवाद, असं कौतुक झालं. आम्ही दोघं घरात पोट धरून हसलो.

मग अठ्ठ्याऐंशीचा भूकंप झाला. घर, मिहरानच्या वह्या, माझा टाइपरायटर, सगळं एकाच ढिगाऱ्यात गेलं. आम्ही बेघरांना दिलेल्या, मालगाडीसारख्या लोखंडी डब्यात राहायला आलो. शहरात माणसं पुरायला जागा पुरेना, आणि पुरताना लोक म्हणायचे ती आमच्या आईची कविता. थडग्यांवर कोरून घेतली, खाली नाव मिर्झोचं. मिहरान स्मशानात दगड वाचत फिरायचा. एकदा म्हणाला, "वार्सो, आईला मी परक्याच्या घरी ठेवून आलो गं. मरायच्या आत परत आणायचीय."

त्याला बक्षीस नको होतं की मान. त्या कवितेखाली स्वतःचं नाव हवं होतं, बस्स.

शहाण्णव साली अनुवादकांच्या सणाला त्यानं ते बोलून टाकलं. बायबल आमच्या भाषेत आणणारे अनुवादक आमच्याकडे संत झालेत, त्यांची प्रार्थना होते. ती झाल्यावर सभागृहात मिहरानला फुलं दिली आणि दोन शब्द बोला म्हणाले. तो म्हणाला, "मिर्झो नावाचा कुणी नाहीच. ती कविता माझी आहे."

मागून कुणीतरी ओरडलं, "मिहरान जान, पुढच्या सणाला बायबलही तूच लिहिलंस म्हणून सांग!" अख्खं सभागृह खो खो हसलं. मग काळ्या कपड्यातली एक बाई उठली. "माझी दोन लेकरं त्या कवितेखाली झोपलीत. त्यांच्या दगडावरून चोरतोस? लाज नाही वाटत तुला?" मग कुणी हसलं नाही. ते हसत होते तेच बरं होतं.

दुसऱ्याच आठवड्यात मी येरेवानला त्या प्रकाशनात गेले. बाबगेन केव्हाच वारला होता. जुनी कागदपत्रं सांभाळणाऱ्या मुलीनं फाइल काढली.

"हे पाहा मावशी, खर्डा तीन मार्चचा, अनुवाद एप्रिलचा. मूळ आधीचंच आहे."

"अगं बाई, तो खर्डा मीच टाइप केलाय! तारीख खोटी आहे!"

"टाइपिस्ट टाइप करणारच ना, मावशी. त्यानं काय सिद्ध होतं? आणि सख्ख्या भावासाठी कोण बोलणार नाही?"

"मग तो मिर्झो कुठं आहे, दाखव मला!"

"मेंढपाळ माणूस. तिकडे लढाई चालू आहे, मेलाही असेल बिचारा."

मेलाही असेल म्हणे! आम्ही घडवलेल्या माणसासाठी तिला हळहळ वाटली, आणि माझा जिवंत भाऊ खोटा ठरला. घरी येऊन मी त्याच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. रागावला असता, मारलं असतं तरी चाललं असतं. तो एवढंच म्हणाला, "चांगलं टाइप केलं होतंस गं." त्यानंतर त्यानं पेन धरलं नाही. तीन वर्षांनी, फेब्रुवारीच्या थंडीत, त्याच लोखंडी डब्यात तो गेला.

थडग्याचा दगड कोरून घ्यायला मी पाथरवट स्लाविककडे गेले. त्यानं टोपी काढली.

"वार्सेनिक मावशी, तुमच्यासाठी काहीही कोरीन. पण ती कविता त्यांच्या नावानं नको. इथं चाळीस दगडांवर ती मिर्झोच्या नावानं आहे, निम्मे माझ्याच हातचे. लोक हातोडे घेऊन येतील हो. फोडतील थडगं."

त्याला मी तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या.  मग मी तिथंच दगडांच्या ढिगावर बसून राहिले, दुपार होईपर्यंत. कविताच नको म्हणावं, तर आई त्याच्यापाशी यायची राहील. नाव घालावं, तर मेल्यावरही लोक त्याला चोर म्हणत दगड मारतील.

शेवटी म्हटलं, "कोर बाबा. वर कविता, खाली मिर्झो. त्याच्याखाली बारीक अक्षरात, अनुवाद मिहरान तोनोयान."

आठ दिवसांनी त्यानं अक्षरं तपासायला बोलावलं. मी चष्मा लावून ओळ न् ओळ तपासली. एकही चूक नव्हती.