जीपची मागची खिडकी

आमच्या जीपच्या ताडपत्रीच्या हुडाला मागे पारदर्शक प्लास्टिकची खिडकी होती. उन्हाने ती पिवळी पडून मधोमध फाटली होती, पण कित्येक वर्षं कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. "आता आईंना घरी न्या," असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या सकाळी मात्र दादाने हॉस्पिटलच्या वाटेवर सीटकव्हर शिवणाऱ्याच्या दुकानासमोर जीप थांबवली.

"आईला मागे झोपवून न्यायचंय. तिला बाहेरचं दिसलं पाहिजे," तो कारागिराला म्हणाला.

कारागिराने हातातलं काम बाजूला ठेवलं, जुनं प्लास्टिक उसवून काढलं आणि नवं शिवून दिलं. दादा एकेक टाका निरखत उभा होता. माणसासाठी करण्यासारखं काही उरलं नाही, की आपण त्याच्याभोवतीच्या वस्तू नीट करत बसतो.

घरी जाताना त्या स्वच्छ खिडकीतून ऊन थेट आईच्या तोंडावर आलं. "झाक रे ते, डोळ्यांना सोसत नाही," ती पुटपुटली. मी टॉवेल उलगडून खिडकीवर धरला.

रस्त्यावरची नजर न हलवता दादाने विचारलं, "दिसतंय ना रे तिला?"

"दिसतंय," मी म्हणालो, आणि हात भरून आले तरी टॉवेल तसाच धरून राहिलो.