आत कोणी नाही

आमच्या ऑफिसात शहाण्यांची कधीच टंचाई नव्हती. टंचाई होती ती थांबणाऱ्या माणसांची. तसं एकच माणूस होतं, आणि त्या बाईंना आम्ही सगळे 'थांबाबाई' म्हणायचो. हे नाव मीच ठेवलेलं. माझी जीभ लांब, आणि त्या दिवसांत मला तिचा भारी अभिमान होता.

ऑफिस लिफ्टच्या देखभालीचं. नऊशेच्या वर लिफ्ट आमच्याकडे. मी फोनवर बसायचे. लिफ्ट येत नाही, दार लागत नाही, आमचा कुत्रा आत अडकलाय, असले फोन. फोन आला की संगणकावर ती लिफ्ट शोधायची आणि तिच्यापुढे काय लिहिलंय ते बघायचं. तीनच शब्द असायचे: चालू, नादुरुस्त, कुलूपबंद. कुलूपबंद म्हणजे मेकॅनिक आत उतरलाय, खबरदार हात लावाल तर. त्याच ओळीत त्या मेकॅनिकचं नाव आणि उतरल्याची वेळ दिसायची. लिफ्ट 'चालू' असूनही अडून बसली असेल तर एक हिरवं बटण यायचं, 'पुन्हा सुरू करा'. मी इथे दाबलं की तिकडे लिफ्ट हलायची.

मेकॅनिकांमध्ये माझा नवराही होता. त्यानंच मला इथे चिकटवलं. तो लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरणार आणि ती लिफ्ट माझ्या बोटाखाली, असा आमचा संसार.

पूर्वी मेकॅनिक आधी वरच्या मशीनखोलीत जायचे, मेन स्विच पाडायचे, त्याला खरंखुरं कुलूप ठोकायचे आणि किल्ली खिशात टाकून खाली यायचे. आठ मजले वर, आठ मजले खाली. साहेबांना हा वेळेचा सत्यानाश वाटला. साहेब स्वतः जन्मात दोन मजले चढले नसतील, पण जिन्यात किती मिनिटं वाया जातात हे त्यांना तोंडपाठ. मग मोबाइलवरचं कुलूप आलं. मेकॅनिकनं फोनवर बोट टेकवलं की लिफ्ट कुलूपबंद. आणि ते कुलूप म्हणजे काय, तर आमच्या संगणकातला एक शब्द.

हे शब्द सांभाळायचं काम बाईंचं. वय पन्नाशीच्या पुढे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, बारा महिने तोच करडा स्वेटर. आधी बारा वर्षं एका दवाखान्यात रुग्णांच्या नोंदी सांभाळलेल्या. घरी एक विधवा बहीण, दोन खोल्या, तिसरा मजला. लिफ्टच्या कंपनीत नोकरी करून बाई ऑफिसात येता-जाता जिना चढायच्या. "बाईंचा आपल्याच मालावर भरवसा नाही!" हा माझा विनोद. साहेबांना तो इतका आवडला की त्यांनी तो माझ्यासमोरच स्वतःचा म्हणून चारचौघांत सांगितला.

'कुलूपबंद' हा तिसरा शब्द यादीत घालायला बाईंनी एकवीस दिवस घेतले होते. एक शब्द, एकवीस दिवस! आम्ही हसून हसून बेजार. बाईंनी काय केलं, तर जुन्या रकान्याशेजारी एक नवा रकाना उभा केला. दोन आठवडे प्रत्येक नोंद दोन्हींत लिहायची, रोज सकाळी दोन्ही ताडून बघायचे, फरक निघाला तर वहीत टिपायचा. मग सगळ्यांना नव्यातून वाचायला लावलं. जुना तरीही महिनाभर तसाच पडून. मी म्हटलं, "बाई, जुनं टाका की आता. काय लोणचं घालायचंय?" तर म्हणतात, "नवं लंगडं निघालं, तर कुणाच्या खांद्यावर हात ठेवणार?"

त्यांनी एकदा मला समजावलंही होतं. संगणक शब्द ठेवतच नाही म्हणे, आकडा ठेवतो. यादीत चालू पहिला म्हणून एक, नादुरुस्त दोन, कुलूपबंद तीन. आकडा वाचायचा, यादीत बघायचं आणि शब्द दाखवायचा. म्हणून नवा शब्द नेहमी शेवटी जोडायचा. मधे खुपसायचा नाही आणि मधला उपटायचा तर नाहीच नाही. "फळीवरच्या डब्यांच्या चिठ्ठ्या सरकवल्या म्हणून मिठाची साखर होत नाही. चहा तेवढा खारट होतो." मी हो हो म्हटलं. लक्ष माझं घड्याळाकडे.

आणि एक ती चिठ्ठी. यादीत काहीही बदलायचं म्हटलं की बाई माझ्या टेबलाशी येणार. पहिला प्रश्न ठरलेला: "आत्ता आत कोण आहे?" मी पडद्यावरची कुलूपबंद नावं मोठ्यानं वाचायची. एकेक जण बाहेर येईपर्यंत बाई समोरच्या स्टुलावर बसून राहणार. शेवटचा बाहेर आला की त्या छापील चिठ्ठी पुढे करणार. त्यावर एकच ओळ: 'आत कोणी नाही.' खाली माझी सही आणि वेळ. चिठ्ठीचा नंबर घातल्याशिवाय बदल पुढे सरकतच नसे, ती सोयही बाईंचीच. मी सही करताना जांभई द्यायचे, मुद्दाम, त्यांना दिसेल अशी.

आता साहेबांचं ऐका. साहेबांना 'नादुरुस्त' या शब्दाचा तिटकारा. बाहेरच्या खोलीत भिंतभर टीव्ही लावलेला, त्यावर सगळ्या लिफ्टची यादी. एक बडं गिऱ्हाईक आलं आणि नेमक्या त्या वेळी यादीत सात लाल ओळी. गिऱ्हाईक नुसतं "अरे वा," म्हणालं, पण साहेबांच्या जिव्हारी लागलं. आता सात लिफ्ट दुरुस्त कराव्यात की नाही? छे! साहेबांनी हुकूम सोडला, "तो शब्दच काढून टाका." आरशात तोंड वाकडं दिसलं म्हणून आरसा उतरवणारी ही जात.

बाई म्हणाल्या, "शब्द काढायचा नसतो साहेब, वापरायचं थांबवायचं. यादीत राहू दे, टीव्हीवर दाखवू नका. ते मी आज करून देते. अगदी उपटायचाच असेल तर तीन आठवडे द्या."

"बाई, शब्द काढायचाय, दाढ नाही," साहेब म्हणाले.

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी.

पुढच्याच आठवड्यात बाईंनी दोन दिवस रजा घेतली. बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. साहेबांना हेच हवं होतं. त्यांचा भाचा नुकताच ऑफिसात आला होता, सहा महिन्यांचा कुठलासा कोर्स करून. आयत्या बिळावर नागोबा. खुर्ची फिरवत बसायची आणि "हे पाच मिनिटांचं काम आहे," म्हणायचं, एवढंच त्याचं काम. भाचेबुवांनी बाह्या सरसावल्या. आधी त्या सातही नादुरुस्त लिफ्टपुढे 'चालू' लिहून टाकलं. सात लिफ्ट एका मिनिटात दुरुस्त, तेही पान्याला हात न लावता! मग त्यांनी यादीतला मधला शब्द उपटला.

झालं काय, तर कुलूपबंद हा आता यादीत दुसरा झाला. पण जे मेकॅनिक त्या क्षणी आत होते, त्यांच्या लिफ्टपुढचा आकडा तीनच राहिला, आणि यादीत तिसरा शब्दच नाही. अशा वेळी संगणकानं काय करावं? भाचेबुवांनीच सांगून ठेवलेलं: काही कळलं नाही तर पहिला शब्द दाखव. पहिला शब्द 'चालू'. नऊशे लिफ्टमध्ये खोट्या झाल्या फक्त तीन. भाचेबुवांनी मागाहून एक रिकामी लिफ्ट कुलूपबंद करून पाहिली, व्यवस्थित झाली, आणि ते टाळी द्यायला उठले.

पण त्याआधी चिठ्ठी लागत होती ना. एक वाजून पाच मिनिटांनी भाचेबुवा ती घेऊन माझ्याकडे आले. मी फोनवर. पलीकडचा माणूस लिफ्टमधल्या गाण्याबद्दल तक्रार करत होता, गाणं फार रडकं आहे म्हणून. भाचेबुवांनी कागद सरकवला. बाई असत्या तर स्टुलावर ठाण मांडून बसल्या असत्या. भाचेबुवा पेन धरून उभे. मी पडद्याकडे मान वळवली नाही. 'आत कोणी नाही' या ओळीखाली सही ठोकली आणि डोळा मारून म्हटलं, "घ्या, झालात थांबाबुवा!"

भाचेबुवा हसत गेले.

सव्वा वाजता एका इमारतीतून फोन. सहाव्या मजल्यावरच्या बाई. हातात सामान आहे, लिफ्ट वर येऊन बसलीय, हलायचं नाव नाही. मी लिफ्ट शोधली. चालू. नाव नाही, वेळ नाही, हिरवं बटण समोर. नवरा सकाळीच सांगून गेला होता की आज दुसऱ्या टोकाला दाराचं काम आहे. दुपारी त्याला तिथून इकडे धाडलं होतं, हे मला कोण सांगणार? मी बटण दाबलं.

"हो हो, हलली बरं का! थँक्यू हं," फोनवरच्या बाई म्हणाल्या.

"माय प्लेझर," मी म्हटलं.

खाली खड्ड्यात एक चाक असतं, त्यावरून लिफ्टचा एक दोर फिरतो. माझा नवरा त्या चाकातला कचरा काढत होता, उजव्या हातानं. तीन बोटं गेली. त्याची किंकाळी ऐकून वॉचमननं तळमजल्यावरूनच अख्ख्या इमारतीची वीज तोडली, नाहीतर हात कोपरापर्यंत गेला असता, असं डॉक्टर म्हणाले.

बाईंना कुणीतरी फोन केला. बहिणीच्या डोळ्यावर पट्टी तशीच, तिला शेजारणीच्या हवाली करून त्या धावत आल्या. येऊन संगणकाला हात लावला नाही. आधी फोन उचलला. त्या वेळी आणखी कोण कोण आत होतं ते वहीत लिहून घेतलं आणि दोघांनाही एकच शब्द सांगितला, "बाहेर." दोघं बाहेर आल्याचं त्यांच्याच तोंडून ऐकलं, मगच खुर्चीत बसल्या. काढलेला शब्द होता त्या जागी परत घातला. तो घालायला त्यांना अकरा मिनिटं लागली. भाचेबुवा कोपऱ्यात उभे राहून नखं खात होते.

मग चौकशी झाली. चौकशी कसली, तमाशा! साहेब म्हणाले, "डेटा बाईंचा, जबाबदारी बाईंची. रजेवर जाताना काम नीट सोपवून गेल्या नाहीत." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. बाईंनी विचारलं, "चिठ्ठी कुठे आहे?" चिठ्ठी सापडेना. कशी सापडणार? आदल्याच दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, "ताई, तुमच्यावर आधीच एवढं संकट. त्या चिठ्ठीची तुम्ही काळजी करू नका. ती माझ्याजवळ आहे." इतके गोड ते माझ्याशी उभ्या आयुष्यात बोलले नव्हते. माझी सही बाहेर आली की भाचाही बाहेर येणार होता. एका कागदानं दोघांना झाकलं.

दुपारी बाई माझ्या टेबलाशी आल्या. स्टुलावर बसल्या. सकाळी छापलेला एक कागद माझ्यापुढे ठेवला. एक वाजून पाच मिनिटांनी कुलूपबंद असलेल्या लिफ्ट. तीन ओळी. पहिल्या ओळीत माझ्या नवऱ्याचं नाव, उतरल्याची वेळ बारा पन्नास. मी मान वळवली असती तर पहिलं तेच दिसलं असतं. वाचायलासुद्धा लागलं नसतं, त्याचं नाव मला लांबून ओळखू येतं.

"चिठ्ठीवर सही कुणाची होती?" बाईंनी विचारलं.

अख्ख्या ऑफिसात जिच्या जिभेला हाड नाही, ती मी. म्हटलं, "आठवत नाही, बाई."

"बरं," बाई म्हणाल्या. कागदाची घडी करून वहीत ठेवली आणि उठल्या. पंधरा दिवसांत त्यांना काढलं. निरोपाला साहेबांनी दोन शब्द बोलायला सांगितले, तर बाईंनी बोलायचं सोडून सगळ्या मेकॅनिकांना एकेक कुलूप वाटलं, लोखंडी, किल्लीचं. लोक हसले. या वेळी मला हसता आलं नाही, एवढाच काय तो माझा मोठेपणा. भाचेबुवा आता बाईंच्या खुर्चीत बसतात. टीव्हीवर एकही लाल ओळ नाही.

बटण मी दाबलं हे नवऱ्याला माहीत आहे. ते मी पहिल्याच दिवशी दवाखान्यात सांगितलं, रडत. त्यानं मलाच समजावलं: "तू काय करणार? पडद्यावर चालू होतं, तू दाबलंस." सहीचं सांगितलेलं नाही. आता तो स्टोअरमध्ये बसतो, डाव्या हातानं लिहायला शिकतोय. रोज सकाळी शर्ट चढवताना त्याला माझी मदत लागते, आणि रोज सकाळी तो बाईंचा उद्धार करतो. म्हणतो, "ती थांबाबाई! नको तेव्हा माणसाला तासभर थांबवायची, आणि नेमकी त्या दिवशी रजेवर. माझा हात तिनं घालवला. बरी हाकलली."

मी म्हणते, "हात वर कर." तो हात वर करतो, आणि मी बाही चढवते.